डाव्या कुशीवर वीस मिनिटं

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. गादी तयार झाली की ती आधी आमच्या ह्यांच्या अंगाखाली जाते आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी. हे तिच्यावर धुतलेली चादर अंथरतात, चपला काढतात आणि चक्क आडवे होतात. दहा मिनिटं पाठीवर, वीस मिनिटं डाव्या कुशीवर. डाव्याच का, तर उजवा हात मोकळा हवा. त्या हाताने हे गादी चाचपत राहतात, कुठे कापसाचा गोळा झालाय, कुठला टाका सैल आहे, कुठे कड दबतेय. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, काय माणूस आहे, भर दुपारी गिऱ्हाइकासमोर ताणून देतो! पुढे कळलं की हा गृहस्थ तेव्हाच खरं काम करत असतो. गादी भरणं, शिवणं, दाभणाने आरपार टाके घालून बटणं बसवणं, हे सगळं आधीचं. खरा निकाल त्या अर्ध्या तासात लागतो.

मी पलीकडे खिडकीशी मशीनवर बसून खोळी शिवते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं. मुलगा दूरच्या शहरात असतो. त्याची बायको आहे, पाच वर्षांची मुलगी आहे. तिला आम्ही छोटी म्हणतो. आठवड्यातून तीनदा ती फोनच्या पडद्यावर दिसते. हे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं झालं, पण ताक तरी मिळतंय म्हणून मी गप्प असायचे. गप्प म्हणजे माझ्या मानाने गप्प. माझा स्वभावच चौकस. बंद डबा दिसला की मला उघडून बघावाच लागतो, मग आत काही का असेना.

ह्यांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. गोळ्या होत्या, त्या पुरेनात, तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. सुरुवातीलाच एकदा ह्यांची साखर घसरली. तो प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. अंगातून घामाच्या धारा, हात लटलटतायत, आणि एवढा शांत माणूस माझ्यावर ओरडतोय की चमचे कुठे लपवलेस! चमचे समोरच होते. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे पंधरा मिनिटांत माणूस जागेवर आला, आणि मग चमच्यांवरून दोन दिवस माझी माफी मागत होता.

ही बातमी मुलाला कळली आणि त्याने ते यंत्र पाठवलं. नाण्याएवढी पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची, तिची केसासारखी बारीक तार कातडीत राहते आणि दर पाच मिनिटांनी साखर मोजून फोनवर आकडा पाठवते, शेजारी बाण, साखर चढतेय की उतरतेय ते सांगणारा. चौदा दिवसांनी जुनी काढायची, नवी लावायची. आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन बोंबलतो. नुसता आमचाच नाही, तिकडे मुलाचाही. पहिली चकती दवाखान्यातल्या सिस्टरने लावून दिली. तिने विचारलं, "काका, कामाचा हात कुठला?" हे म्हणाले, उजवा. दाभण उजव्यात, हातोडी उजव्यात. "मग डाव्याला लावू, म्हणजे धक्का लागणार नाही," सिस्टर म्हणाली. अगदी शहाणपणाचं बोलली. आम्हीही माना डोलावल्या.

ह्यांनी घरी आल्यावर आरशात पाठमोरं बघून घेतलं आणि म्हणाले, "छान. इतकी वर्षं मी गाद्यांना बटणं लावली, आता मला लागलं." तेव्हापासून आमच्या घरात त्या चकतीचं नाव बटण.

बटणाचं मला भारीच कौतुक वाटलं. चहा प्यायला की आकडा किती चढतो, जेवणानंतर फेरी मारली की किती उतरतो, गिऱ्हाइकाशी वाद झाला की काय होतं. (चढतो. न खाता चढतो! हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) मी दिवसातून चाळीस वेळा फोन बघायचे. हे म्हणायचे, "अगं, साखर माझी आहे. थोडी मलाही बघू दे."

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी हे नव्या गादीवर झोपून परीक्षा घेत होते आणि फोन बोंबलला. अठ्ठावन्न! बाण खाली. मी मशीन सोडून धावले, ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळली, ह्यांना उठवून पाजली. थोड्या वेळात आकडा वर आला. तोवर मुलाचा फोन आलाच. "आई, काय झालं? बाबा शुद्धीवर आहेत ना?"

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग परत. मी खोळीच्या नमुन्याच्या कागदामागे लिहून ठेवायला लागले, आणि त्यातून जे निघालं ते बघून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. साखर घसरते ती फक्त दुपारी तीन ते चार, आणि फक्त ज्या दिवशी गादी तयार होते त्याच दिवशी. गादी नाही, तर घसरण नाही.

हे मात्र खूश! म्हणाले, "म्हणजे माझी गादी साखर उतरवते." मी म्हटलं, काहीतरीच काय. तर हे गंभीर. "हसू नकोस. कापसाच्या गादीवर अठ्ठावन्न, काथ्याच्या गादीवर एकसष्ट, फोमवर सहासष्ट. कापूस जास्त ओढतो. आता स्प्रिंगची एक करून बघू." दुकानाच्या पाटीवर खाली एक ओळ रंगवून घ्यावी असंही ह्यांच्या मनात घोळत होतं. मी सांगितलं, लोक इन्सुलिन सोडून तुमच्या गाद्या घेतील आणि पहिला मुडदा पडला की पोलीस आपल्या दारात. तेव्हा पाटीचा विचार मागे पडला.

मुलाने मात्र ह्यातून वेगळाच अर्थ काढला. तो तिकडे बसून पडद्यावर बापाच्या साखरेच्या रेघा बघत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याला दिसत होतं की घरात साखर ठीक असते, दुकानात कामाच्या वेळेला घसरते. म्हणजे काम झेपत नाही. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने सरळच सांगितलं, "बाबा, हातात दाभण असताना चक्कर आली तर? पुरे आता. पंधरा दिवस बघतो. हे थांबलं नाही तर दुकान बंद करायचं आणि तुम्ही दोघांनी इकडे यायचं. त्यानंतरच्या रविवारी येऊन मी सगळं आवरतो."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. दुकान म्हणजे ह्यांचं सगळं. दुसरं ह्यांना काही येत नाही, आवडत नाही आणि सुचत नाही. पण मुलगा काळजीने बोलतोय हेही कळत होतं, आणि आकडे तर समोरच होते. "बघू," एवढंच म्हणाले.

आणि माझं सांगू का? खरं ते सांगते. माझ्या मनात लाडू फुटले. मला जायचं होतं. कधीपासूनचं जायचं होतं. पण हे दुकान सोडत नाहीत, आणि ह्यांचं इंजेक्शन, पथ्य, खोळी, हे सोडून मी एकटी जाऊ शकत नाही. आता ते बटणच माझ्या बाजूने बोलत होतं. मला एक अक्षरही काढायची गरज नव्हती.

पुढचे पंधरा दिवस नेमकी एका लॉजची ऑर्डर होती. एकेरी गाद्या, रोज एक. मधे चौदा दिवस भरले तेव्हा नवं बटण मीच लावलं, सिस्टरने सांगितलेल्या त्याच डाव्या दंडाला. रोज तीनच्या पुढे फोन बोंबलायचा, रोज ग्लुकोज, रोज मुलाचा फोन. हे मुकाट्याने प्यायचे आणि पुढच्या गादीला लागायचे. जणू मिळतील तेवढ्या गाद्या उरकून घेत होते.

आता माझा स्वभाव नडला. शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, फोन बोंबलला, मी ग्लास घेऊन गेले आणि ह्यांच्याकडे नीट बघितलं. बावन्न आकडा. बावन्नला माणूस घामाने न्हायला हवा, चमच्यांवरून भांडायला हवा. हे शांतपणे पडून एका टाक्यावर बोट फिरवत होते. कपाळ कोरडं. मी कपाळाला हात लावून बघितला, चांगलं कोमट.

"कसं वाटतंय?"

"डावीकडे जरा कडक वाटतेय."

"गादी नाही हो, तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला? मला काय धाड भरलीय?"

मी आत गेले आणि बोट टोचायचं जुनं यंत्र शोधून आणलं. सिस्टरने बजावलं होतं की आकडा आणि माणूस जुळत नसतील तर आधी बोट टोचून बघा. पण टोचून टोचून ह्यांच्या बोटांची चाळण झाली होती. बटण आल्यापासून त्या यंत्राचं नाव काढलं तरी हे चिडायचे, म्हणायचे, मग बटण कशाला लावलंय? ह्या वेळी मी विचारलंच नाही. बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला.

एकशे सत्याऐंशी.

मी दोनदा वाचलं. हात धुतलेला होता, पट्टी नवी होती. फोन म्हणतोय बावन्न, रक्त म्हणतंय एकशे सत्याऐंशी.

"किती?" ह्यांनी विचारलं. चष्मा खिशात होता, ह्यांना ते बारीक आकडे दिसत नव्हते.

आणि माझ्या तोंडून निघालं, "चौसष्ट."

मी ठरवून बोलले नाही. पण बोलले. आमच्या संसारात मी ह्यांना टोमणे मारलेत, अबोला धरलाय, एकदा चप्पलही फेकलीय, पण ह्यांच्या तब्येतीबद्दल खोटं कधी बोलले नव्हते. स्वयंपाकघरात गेले. ग्लासात पाणी ओतलं, चमचाभर ग्लुकोज घेतलं आणि तो चमचा ग्लासावर धरून तशीच उभी राहिले. एकशे सत्याऐंशीच्या माणसाला साखर पाजायची? खोटं बोलले होते, पण जीवावर उठले नव्हते. चमचा डब्यात उलटा केला. लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं, साखरेचा कण नाही. तेच नेऊन दिलं.

हे एक घोट प्यायले. माझ्याकडे बघितलं. मग बाकीचं पिऊन टाकलं.

"लिंबू घातलंस?"

"रोज नुसतं गोड पिऊन तोंडाला मळमळतं, म्हणून घातलं."

"बरं केलंस," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पण आता माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. बटण बिघडलंय म्हणावं तर दिवसभर ते बरोबर आकडे देतं. सकाळी ह्यांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करून मी बोट टोचून पडताळून बघितलं होतं. मग गादीवरच का खोटं बोलतं? गादीत असं काय आहे? हे उठल्यावर मी चादर काढायला गेले. कापसाची नवी गादी, तिच्यावर ह्यांच्या अंगाचे ठसे तसेच होते. कमरेपाशी एक खोलगट, खांद्यापाशी एक. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन दोन ठिकाणी येतं, खांद्यावर आणि कमरेवर. मी ते वाक्य हजार वेळा ऐकलंय. खांद्याच्या त्या खळग्यात, दंड टेकतो तिथे, नाण्याएवढी गोल खूण उमटली होती.

बटण अंगाखाली दाबलं जात होतं! डाव्या दंडावर बटण, डाव्या कुशीवर झोप. वीस मिनिटं वरून अख्ख्या माणसाचं वजन. तिथलं मांस चेपल्यावर त्या तारेला साखर कळणार कुठून? गादीवर झोपलं की आकडा पडतो, उठलं की चढतो, आणि आम्ही आपले कापूस आणि काथ्याचे हिशेब मांडत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही चूक जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकत होती. भर दुपारी, रोज, नेमून दिलेल्या कुशीवर, मोजून वीस मिनिटं दुसरं कोण झोपतं?

मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं. रविवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी छोटीचा फोन आला. तिने कपाट उघडून दाखवलं. "आजी, हा खालचा कप्पा तुझा. मी माझे खेळ काढले. नुसती एक बाहुली ठेवलीय, तिला जागा नाहीये कुठे." मी म्हटलं, राहू दे तिला, आम्ही दोघी मावू. फोन ठेवल्यावर मी एक शिवण घातली, ती वाकडी आली, उसवली. त्या दिवशी दुपारी फोन बोंबलला तेव्हा मी बोट टोचायचं नाटकही केलं नाही. सरळ लिंबूपाणी नेऊन दिलं. हे निमूट प्यायले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ह्यांनी नुसतं बघितलं तरी मी मशीनवर मान घालायचे.

रविवारी मुलगा आला. जेवला, बापाच्या पाया पडला, आणि दुकानात येऊन टेप घेऊन मापं घ्यायला लागला. दुकान कोणाला द्यायचं, यंत्रं कोण घेईल, ह्याची त्याने चौकशी करून ठेवली होती. वाईट मुलगा नाही तो. एकच भिंत तो तीनदा मोजत होता. "बाबा, रागावू नका. रोज तीन वाजले की माझ्या छातीत धडधडतं. मीटिंगमध्ये असलो तरी फोन हातात. असं किती दिवस?"

मला वाटलं होतं हे भांडतील. ह्यांनी भांडावं अशी माझी फार इच्छा होती. म्हणजे मग मला गप्प बसायला काहीतरी आधार झाला असता. पण हे म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या आईलाही तिकडे बरं वाटेल." आणि भिंतीवरून मोठं दाभण उतरवलं. फडक्याने पुसलं. तेलाचं बोट फिरवलं. दुसऱ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायला लागले, हळूहळू, टोक बाहेर येणार नाही असं.

मला ते बघवेना.

"थांबा," मी म्हटलं. "मापं घेऊ नकोस रे. इकडे या दोघं. खुर्चीत बसा हो तुम्ही."

"आता काय?" मुलगा म्हणाला.

"फोन बघ. किती आहे आत्ता?"

"एकशे छप्पन्न. बाण आडवा."

मी ह्यांच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि ह्यांचा दंड दोन्ही तळव्यांत धरून बटण दाबलं. घट्ट. "आता कोणी बोलायचं नाही," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे ऐकून मुलगा जरा घाबरलाच.

वीस मिनिटं हात धरून बसणं फार असतं. पहिली पाच मिनिटं हे अवघडले. मुलगा समोर, आणि बायको दंड धरून बसलेली. मग सैलावले. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना वस्तूच देत आलो, कात्री दे, सुतळी घ्या, गोळी घेतलीत का. असा नुसता हात धरून मी कधी बसले होते ते मला आठवेना. दंड बारीक झाला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"एकशे एकवीस," मुलगा म्हणाला. मग, "शहाण्णव." मग उभा राहिला. "आई! अडुसष्ट!" आणि फोन बोंबलला. आमचा, आणि त्याच्या खिशातला.

"आता बोट टोच त्यांचं," मी म्हटलं.

एकशे एकोणसाठ.

मुलाने दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा बघितले, मग माझ्या तळव्यांकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या गादीकडे. त्याला सगळं सांगावं लागलं नाही. तो मटकन गादीवर बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "म्हणजे इतके दिवस आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो? आणि वर रोज ग्लुकोज पाजत होतो?" मग त्याने विचारलं, "आई, तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच सुचलं," मी म्हटलं. दुसरं खोटं.

संध्याकाळी तो गेला. जाताना बापाला बजावून गेला, आजपासून उजव्या कुशीवर झोपायचं, आणि फोन वाजला तर घाम असो नसो, आधी बोट टोचायचं, कारण खरा लांडगाही कधीतरी येतो. टेप विसरून गेला. ह्यांनी दाभण फडक्यातून काढून परत भिंतीवर लावलं. मला वाटलं होतं मला हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मला छोटीचा तो कप्पा दिसत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे गुरुवार दिसत होता.

सोमवारी लॉजची शेवटची गादी तयार झाली. ह्यांनी चादर अंथरली, दहा मिनिटं पाठीवर पडले, आणि मग सवयीने डावीकडे वळता वळता थांबून उजवीकडे वळले. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. डाव्या हाताने चाचपायची सवय नव्हती, हात नवशिक्यासारखा चालला होता. पाठीशी बोलणं सोपं असतं. मी मशीन थांबवली.

"ऐकताय ना?"

"एक कान उशीत आहे. दुसरा मोकळा आहे. बोल."

"गुरुवारी मी बोट टोचलं तेव्हा चौसष्ट नव्हतं. एकशे सत्याऐंशी होतं. मला तेव्हाच कळलं होतं की बटण खोटं बोलतंय. का, ते शुक्रवारी कळलं. मी रविवारपर्यंत बोलले नाही." मी मशीनचं चाक उगाच फिरवलं. "मला तिकडे जायचं होतं. म्हणून तुमचं दुकान बंद व्हायला निघालं तरी मी गप्प बसले."

ह्यांचा हात गादीवर थांबला. मग पुन्हा चालायला लागला.

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, साखर उतरली तर तू माझ्या तोंडात अख्खा डबा ओतशील. त्या पहिल्या वेळी ओतलाच होतास. आणि गुरुवारी बिनसाखरेचं लिंबूपाणी? ते पण मीठ घालून? पहिल्या घोटातच कळलं, की माझी साखर काही उतरलेली नाही आणि ते तुला ठाऊक आहे."

मला खुर्चीत धड बसवेना. "मग बोलला का नाहीत?"

"तुला खोटं बोलता येत नाही. तरी बोललीस. म्हटलं, हिला केवढं जायचं असेल." हात एका टाक्याशी अडखळला, तो ओढून बघितला, पुढे गेला. "मला आधीही दिसत होतं. छोटीचा फोन झाला की तुझी शिवण वाकडी येते. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. तू विचारत नव्हतीस तोवर माझं बरं चाललं होतं. मग ठरवलं, पोरगा रविवारी विचारेल तेव्हा हो म्हणायचं. हो म्हटलं, तर तूच मध्ये थांबा म्हणून ओरडलीस."

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. वीस मिनिटं पुरी व्हायची होती म्हणून हे वळलेही नाहीत, पण मागे हात करून चादरीवर दोनदा थोपटलं.

"छोटीची शाळा कधी संपते?"

"पुढच्या महिन्यात."

"मग महिनाभर दुकानाला कुलूप. दोघं जाऊ. दर वर्षी जाऊ."

"आणि गिऱ्हाइकं?"

"जुन्या गादीवर महिनाभर झोपून कोणी मरत नाही. तू तीन दिवस गप्प होतीस, तेव्हा मात्र मला तुझी काळजी वाटायला लागली होती."

मी नाक पुसलं, उठले आणि जाऊन त्या गादीच्या कडेवर, ह्यांच्या पाठीशी बसले.

"अगं, कडेवर नको, नवी आहे, कड दबते," हे म्हणाले.

"दबू दे," मी म्हटलं, आणि बसून राहिले.